हिप्पोकॅम्पसचा बांध कुठे पडलाय, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ९६ जणांचे मेंदूचे एमआरआय हातात आहेत. निम्मे फिट येणारे रुग्ण, निम्मे निरोगी, आणि स्कॅन दोन वेगवेगळ्या मशिनवर काढलेले. फ्रीसर्फर हे मेंदूचे भाग आपोआप आखून मोजणारं सॉफ्टवेअर चालवून हिप्पोकॅम्पस (आठवणींशी संबंधित, मेंदूतला एक छोटा भाग) आणि बाकीच्या भागांचे आकडे एक्सेलमध्ये उतरवलेत. गाईडनी सांगितलंय की सरासरीपासून दोन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर जे असेल ते काढून टाका आणि पुढे चला. विचारणाऱ्याला मात्र चैन पडत नाही. सेगमेंटेशन, म्हणजे प्रत्येक भागाभोवती सॉफ्टवेअरनं रेघ आखणं, नीट झालंय हे ओळखायचं कसं? सगळे ९६ उघडून बघायचे का? डाइस (दोन आखण्या किती जुळतात याचा आकडा) काढला तर भागेल का?

आधी उत्तर देऊन टाकते. हो, सगळे ९६ बघायचे. एकाला सहा मिनिटं धरली तर साडेनऊ तास होतात. तुमच्या कॉम्प्युटरनं एकेका स्कॅनवर कित्येक तास घालवलेत, तुम्ही सहा मिनिटं घालवायला हरकत नाही.

मी बेळगावात एमआरआय टेक्निशियन म्हणून सुरुवात केली आणि गेली बारा-तेरा वर्षं संशोधनाच्या कामांसाठी सेगमेंटेशन तपासते. रुग्णाला मशिनमध्ये झोपवणारीही मीच होते, आणि नंतर त्याच्या हिप्पोकॅम्पसभोवतीची रेघ निरखणारीही मीच. डॉक्टर नाही, त्यामुळे निदानात शिरणार नाही. रेघेबद्दल मात्र बोलू शकते.

"सेगमेंटेशन बरोबर आहे का" हा प्रश्न अर्धाच आहे. कशासाठी बरोबर, हे आधी ठरवायला हवं. आख्ख्या मेंदूचं आकारमान मोजायचं असेल तर एखाद्या कोपऱ्यात रेघ थोडी इकडेतिकडे झाली तरी खपून जातं. हिप्पोकॅम्पसला ते खपत नाही. का, ते जमिनीच्या हिशेबात सांगते, कारण आपल्याकडे सगळ्यांना तो चटकन कळतो. एक एकर चौकोनी शेत घ्या, साधारण २०९ फूट बाजूचं. चारी बाजूंनी बांध एकेक फूट आत सरकला तर दोन टक्क्यांहून थोडी कमीच जमीन जाते. आता एक गुंठा घ्या, ३३ फूट बाय ३३ फूट. तोच एक फूट सरकला की बारा टक्के जमीन गेली. चूक तेवढीच, मार मात्र सहापट. मेंदू म्हणजे एकर आणि हिप्पोकॅम्पस म्हणजे गुंठा. त्यात तो लांबुळका आणि वळलेला, म्हणजे त्याच्या मानानं बांध आणखी लांब.

आकड्यांत बघू. मोठ्या माणसाचा एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण साडेतीन हजार घन मिलिमीटर धरा. समजुतीसाठी तो गोल चेंडू आहे असं मानलं तर त्रिज्या नऊ मिलिमीटरच्या थोडी वर येते. रेघ सगळीकडून फक्त अर्धा मिलिमीटर बाहेर गेली, म्हणजे तुमच्या एक मिलिमीटरच्या व्हॉक्सेलचा (स्कॅनमधल्या सर्वांत लहान ठोकळ्याचा) अर्धाच, तरी आकारमान जवळजवळ १७ टक्क्यांनी फुगतं. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला चार-पाच टक्के आक्रसतो आणि निरोगी म्हाताऱ्यांत टक्का-दीड टक्का. ज्या फरकाच्या मागे आपण लागलोय तो अर्ध्या व्हॉक्सेलच्या आत सहज बुडून जातो.

आता डाइसचं. दोन मास्क, म्हणजे रेघेच्या आत आलेले भाग, एकमेकांवर ठेवायचे, सामाईक भाग दुप्पट करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. पूर्ण जुळले तर १, अजिबात नाही जुळले तर शून्य. वर सांगितलेल्या फुगलेल्या मास्कचा खऱ्याशी डाइस काढून बघा, ०.९२ येतो. प्रबंधात ०.९२ लिहिलं की परीक्षक मान डोलावतात, आणि आकारमान १७ टक्क्यांनी चुकलेलं असतं. उलटंही होतं. मास्क बाजूला घसरलेला असतो, डाइस पडलेला असतो, पण आकारमान तंतोतंत जुळतं. शिवाय डाइस काढायला हातानं आखलेला खरा मास्क लागतो. तो ९६ जणांचा तुमच्याकडे नाही, आणि असता तर फ्रीसर्फर चालवायची गरजच काय होती? म्हणून दहा-बारा स्कॅन हातानं आखा, त्यांवर डाइस काढा, आणि सोबत आकारमानातला फरक कोणत्या दिशेला किती आहे तेही लिहा. तो दुसरा आकडा जास्त बोलका असतो.

तेव्हा एक गोष्ट नक्की दिसेल. फ्रीसर्फरचा हिप्पोकॅम्पस हातानं आखलेल्यापेक्षा मोठा येतो. त्यानं घाबरू नका. दुकानदार काटा मारतो, पण सगळ्यांनाच सारखा मारतो, असं असेल तर कुणाचं पोतं कुणापेक्षा जड हे तरी कळतं. अडचण वेगळीच आहे. आक्रसलेल्या हिप्पोकॅम्पसवर हा काटा जास्त मारला जातो. म्हणजे रुग्णांचं माप निरोग्यांपेक्षा जास्त फुगवलं जातं आणि तुम्ही शोधताय तो फरकच पुसट होतो. दहा-बारा स्कॅन निवडताना त्यात लहान, मधले आणि मोठे असे सगळे हिप्पोकॅम्पस घ्या, तरच हे उघडं पडेल.

हातानं आखायचं म्हणजे हिप्पोकॅम्पस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा एक नियम लागतो. पूर्वी जेवढ्या प्रयोगशाळा तेवढे नियम होते. शेवटी युरोप-अमेरिकेतल्या गटांनी मिळून हार्प नावाची एक सामाईक पद्धत ठरवली. तीच धरा. सीमाभागातल्या माणसाला रेघ कुणी आणि कोणत्या निकषावर ओढली हे विचारायची सवय असतेच, ती इथे कामी येते.

गाईडच्या दोन एसडीकडे वळते. त्यांचा हेतू चांगला आहे, पण या नियमाचा मला एकदा चांगलाच चटका बसलाय. अशाच फिटच्या रुग्णांचं एक काम होतं. आम्ही टोकाचे आकडे काढले, तक्ता पाठवूनही दिला. पुढे काही कारणानं ते स्कॅन उघडले, तर काढलेल्या तिघांपैकी दोघांचे मास्क निर्दोष. त्यांचे हिप्पोकॅम्पस खरोखरच सुकलेले होते. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला त्यांनाच आम्ही दाराबाहेर उभं केलं होतं. मग मी उरलेले सगळे बघायला घेतले, आणि तक्त्याच्या अगदी मधोमध, सरासरीला चिकटून बसलेला एक सापडला. त्याचा हिप्पोकॅम्पस आक्रसला होता, शेजारची टेम्पोरल हॉर्नची पोकळी रुंदावली होती, आणि मास्कनं त्या पोकळीतलं कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतलं पाणी तयार करणारं ऊतक) हेही पोटात घेतलं होतं. आजारानं आकारमान कमी केलं, सॉफ्टवेअरच्या चुकीनं ते भरून काढलं, आणि आकडा शहाण्यासारखा मधे येऊन बसला. तक्ता परत मागवावा लागला. चूक माझी होती, कारण बघायचं काम माझं होतं.

तेव्हापासून टोकाचा आकडा मी स्कॅन उघडायचं एक कारण मानते. काढून टाकायचं कारण मानत नाही.

स्कॅन उघडल्यावर लगेच मास्क चढवू नका. आधी नुसतं चित्र बघा. बरीच भांडणं तिथेच मिटतात. आपल्याकडे चंदगड, खानापूर, बैलहोंगलहून लोक पहाटेच्या बसनं येतात. अवघडलेले, घाबरलेले, कित्येकदा पाणीही न प्यालेले. मशिनचा आवाज सुरू झाला की मान हलते. मराठी माणसाला "हलू नका" आणि कन्नड माणसाला "अळ्ळाडब्याड्री" दोनदा सांगितलं तरी पाच-सहा मिनिटांच्या टी१ मध्ये (मेंदूची रचना दाखवणारा एमआरआयचा प्रकार) एखादा खोकतोच. हललेल्या स्कॅनमध्ये कवटीच्या आत पाण्यावरच्या लहरींसारखी वर्तुळं दिसतात, करड्या-पांढऱ्या भागांमधली कड विरघळते. इथे मेख अशी की हालचालीमुळे करडा भाग मोजमापात कमी भरतो. रुग्ण निरोग्यांपेक्षा जास्त हलतात. म्हणजे मेंदू तेवढाच असूनही रुग्णांचा लहान भरेल आणि तुम्हाला शोध लागल्याचा आनंद होईल. हे सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही. पाणी कमी प्यायल्यानंही मेंदूच्या आकारमानात थोडा फरक पडतो, पण समूहांच्या तुलनेत मी त्याच्या मागे लागत नाही. एकाच माणसाचे दोन वेळचे स्कॅन तोलताना मात्र लक्षात ठेवते.

त्याच वेळी बघायच्या आणखी काही गोष्टी. नाक किंवा डोक्याचा मागचा भाग दुमडून दुसऱ्या बाजूला आलाय का? स्कॅन काढण्याआधी गॅडोलिनियम, म्हणजे कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन, दिलं होतं का? दिलं असेल तर रक्तवाहिन्या आणि मेंदूवरचं आवरण चकाकतं आणि सॉफ्टवेअर त्यांना मेंदू समजतं. असे स्कॅन बिनकॉन्ट्रास्टच्या स्कॅनमध्ये मिसळू नका. स्लाइस किती जाड? रोजच्या तपासणीतले पाच मिलिमीटरचे स्लाइस फ्रीसर्फरच्या नेहमीच्या वाटेनं घालण्यात अर्थ नाही. तशांसाठी सिंथसेग हे दुसरं सॉफ्टवेअर बरं चालतं, आणि ते स्वतःच्या कामाला स्वतः गुणही देतं. पण त्याबाबत एक सावधगिरी. जुन्या पद्धती चुकल्या की भयाण चुकतात, लगेच दिसतं. हे नवे, न्यूरल नेटवर्कनं शिकलेले प्रकार चुकले तरी देखणं चुकतात. रेघ गुळगुळीत, आकार पाठ्यपुस्तकातल्यासारखा, फक्त त्या माणसाचा नाही.

आणि डावं-उजवं. फिटच्या कामात कोणत्या बाजूचा हिप्पोकॅम्पस लहान, यावरच सगळं अवलंबून असतं, आणि फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात बदलताना बाजू उलटण्याचे प्रकार अजूनही होतात. संशोधनाच्या स्कॅनच्या वेळी मी उजव्या कानशिलाजवळ विटामिन ईची कॅप्सूल चिकटवायची. तेल असल्यानं ती टी१ मध्ये पांढरीशुभ्र उठून दिसते. तुमचे स्कॅन आधीच झालेत, कॅप्सूल नसणार. मग ज्यांच्या रिपोर्टात स्पष्ट एका बाजूचा दोष लिहिलाय असे प्रत्येक मशिनचे तीन-चार स्कॅन घ्या आणि तुमच्या फाइलमध्ये तो त्याच बाजूला दिसतो का ते बघा. जाता जाता, रुग्णाच्या नावावर विसंबू नका. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव एका काउंटरवर कन्नड वळणानं आणि दुसऱ्यावर मराठी वळणानं इंग्रजीत टाइप होतं, आणि तो तक्त्यात दोनदा येतो. मला असे जुळे सापडलेत.

आता मास्क चढवा. फ्रीव्ह्यूमध्ये (फ्रीसर्फरचं चित्रं बघायचं साधन) खाली टी१, वर फ्रीसर्फरनं आखलेल्या भागांची फाइल, म्हणजे अ‍ॅसेग. रंग भरलेला नको, फक्त कडा दाखवायला सांगा, कारण रंगाखाली चूक झाकली जाते. मास्क दाखवा-लपवा असं करत पुढे सरका. कोण रुग्ण, कोण निरोगी हे झाकलेलं असू दे, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. मित्राला सांगून फाइलींना नवे नंबर द्यायला लावा, यादी त्याच्याकडे राहू दे. हे पुस्तकी वाटेल, पण रुग्ण आहे हे माहीत असलं की डोळा लहान हिप्पोकॅम्पसला पटकन "बरोबर" म्हणतो. मीही म्हणते.

हिप्पोकॅम्पस तीन ठिकाणी बघा. मधला भाग समोरून कापलेल्या स्लाइसमध्ये सर्वांत स्वच्छ दिसतो. वर टेम्पोरल हॉर्न, खाली पांढरा भाग, आतल्या अंगाला मेंदूभोवतीचं पाणी. तिथे रेघ पाण्यात सांडलीय का आणि खालच्या पांढऱ्या भागात शिरलीय का, एवढंच. खरी गंमत हिप्पोकॅम्पसच्या डोक्याकडे, म्हणजे पुढच्या टोकाला आहे. तिथे हिप्पोकॅम्पस आणि अ‍ॅमिग्डाला एकमेकांना खेटून असतात, दोघंही करडे, आणि मधे अल्व्हिअसची एक पातळ पांढरी रेघ असते. समोरून बघितलं तर ती बऱ्याचदा हरवते. बाजूनं कापलेल्या स्लाइसमध्ये जा, दिसते. एक मिलिमीटरच्या टी१ वर कधी तिथेही दिसत नाही. अशा वेळी ती कुठे असावी याचा अंदाज बांधून मास्कला दोष देऊ नका, "ठरवता येत नाही" असं लिहा. शेपटीकडे रेघ एक-दोन स्लाइस आधी थांबली की उशिरा, हे सगळ्यांत सारखं असलं म्हणजे झालं.

बाकीच्या भागांवर मी कमी वेळ घालवते. पुटामेन या आतल्या करड्या गोळ्याची बाहेरची कड शेजारच्या इन्सुलाकडे सरकते. त्याला लागूनच असलेल्या पॅलिडमची कड लोहामुळे टी१ वर मुळातच अंधुक असते. टेम्पोरल लोबच्या टोकाला आणि डोळ्यांच्या वर हवेच्या पोकळ्यांमुळे सिग्नल जातो. मागे लहान मेंदूजवळ ट्रान्सव्हर्स सायनस ही मोठी शीर कधीकधी मेंदूत मोजली जाते. कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या वरच्या करड्या थराची, जाडी वापरणार असाल तर मेंदूवरच्या आवरणाला बाहेरची रेघ चिकटलीय का ते नक्की बघा. वापरणार नसाल तर सोडा. वयस्कांत पांढऱ्या भागातले जुने डाग टी१ वर करडे दिसतात आणि करड्या भागात मोजले जातात. आपल्याकडच्या फिटच्या रुग्णांत सिस्टिसर्कोसिसच्या (मेंदूत जंताच्या अळ्या शिरण्याच्या आजाराच्या) कॅल्शियम साचलेल्या गाठी असतात, त्या काळ्या ठिपक्यासारख्या दिसतात. टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला अशी गाठ असेल तर त्या बाजूच्या मास्कवर मी भरवसा ठेवत नाही.

डोक्याच्या आकारानुसार आकडे जुळवून घेण्यासाठी तुम्ही फ्रीसर्फरचं ईटीआयव्ही, म्हणजे कवटीच्या आतल्या आकारमानाचा अंदाज, वापरणार असाल. ते कवटीच्या आतले व्हॉक्सेल मोजून येत नाही. मेंदू टॅलराक नावाच्या प्रमाण साच्यावर बसवताना किती ताणावा-दाबावा लागला त्यावरून काढतात. म्हणून कवटी सोलताना झालेल्या चुकीनं ते आपोआप बिघडत नाही, पण साच्यावर मेंदू वाकडा बसला तर बिघडतं, आणि मग त्या माणसाचे सगळेच आकडे बिघडतात. प्रत्येकाचं टॅलराक एकदा बघा, दहा सेकंदांचं काम. साच्याचा विषय निघालाच आहे तर, हैदराबादच्या आयआयआयटीनं २०१९ मध्ये १०० जणांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा जाहीर केला. आपला मेंदू सरासरीनं पाश्चात्त्य साच्यापेक्षा लहान भरतो, असं त्यात दिसलं. सॉफ्टवेअर जेव्हा परदेशी लोकांच्या तुलनेत "पाचव्या पर्सेंटाइलखाली" म्हणतं, तेव्हा ते आठवा. तुमची तुलना तुमच्याच निरोगी लोकांशी.

गुण तीनच ठेवा: चालेल, दुरुस्त करून चालेल, चालणार नाही. पाच-दहा पायऱ्यांची मोजपट्टी करून मी पाहिलीय, मधल्या पायऱ्यांवर माझंच माझ्याशी पटत नाही. प्रत्येक बाजूला वेगळा गुण द्या. डावा बिघडला म्हणून उजवा टाकू नका. सोबत यूलर नंबर लिहून ठेवा. दुरुस्तीआधीच्या पृष्ठभागात किती भोकं होती ते त्यावरून कळतं, आणि हललेल्या स्कॅनमध्ये भोकं वाढतात. तुमचा गुण "चालेल" आणि भोकं खूप, असं कुठे झालं तर तो स्कॅन परत उघडा. मात्र दोन मशिनना भोकांची एकच मर्यादा लावू नका.

दुरुस्ती करायची की टाकायचं, हे तुमच्याकडे माणसं किती यावर आहे. ९६ मधले पाच गेले तर बिघडत नाही, वीस गेले तर अभ्यासच बसतो. नियम स्कॅन बघायच्या आधी लिहून काढा, तारीख टाकून गाईडना मेल करा. दुरुस्ती करायचीच तर दोन्ही गटांत त्याच नियमानं, झाकलेल्या नावांवर. मूळ फाइल जपून ठेवा. शेवटी निकाल दोन्ही प्रकारे काढा, दुरुस्तीसह आणि दुरुस्तीशिवाय. दोघांत निष्कर्ष बदलत असेल तर ते लपवू नका, तेच लिहा. कुणाचे दोन वेळचे स्कॅन असतील तर ते सुटे सुटे चालवू नका. फ्रीसर्फरची लाँगिट्युडिनल पद्धत त्याच माणसाचा सामाईक पाया आधी बनवते, ती वापरा. आणि अर्धे स्कॅन एका आवृत्तीवर, अर्धे दुसऱ्या आवृत्तीवर असं अजिबात नको, मधेच लॅबमधला कॉम्प्युटर बदलला तरी नको. आवृत्ती बदलली की आकडे बदलतात.

राहिली ती दोन मशिन, आणि खरं तर मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. आज घरी गेलात की आधी एक चार खणांचा तक्ता करा: कोणत्या मशिनवर किती रुग्ण, किती निरोगी. रुग्ण बहुतेक एकीवर आणि निरोगी बहुतेक दुसरीवर असतील, तर तुमचा हिप्पोकॅम्पसमधला फरक आजाराचा आहे की मशिनचा, हे कुठलंही स्टॅटिस्टिक्स वेगळं काढून देणार नाही. दोन्हींवर बऱ्यापैकी विभागलेले असतील तर मशिन हा घटक हिशेबात घेऊन काम चालतं. शक्य असेल तर पाच-सहा मित्रांना दोन्ही मशिनवर एकाच आठवड्यात झोपवा. कुंदा या बेळगावी मिठाईच्या डब्यावर तयार होतात, माझा अनुभव आहे. एकाच डोक्याचे दोन आकडे किती लांब पडतात ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि गाईडना दाखवायला त्याहून सोपा पुरावा नाही.

बघायला बसताना एवढं करा: पहिले दहा स्कॅन, तुम्हाला ओळखू येणार नाहीत अशा नव्या नंबरांनी, यादीच्या शेवटी पुन्हा घाला. ९६ बघेपर्यंत डोळा बदललेला असतो, कुणाचा कडक होतो, कुणाचा सैल. दहापैकी तीन-चारांचे गुण बदललेले निघाले तर पहिले तीसेक स्कॅन परत बघावे लागतील. त्या तीन तासांची सोय आत्ताच धरून ठेवा.